वाटेचा नकाशा

मुख्याध्यापक झालो तरी आठवीचा इतिहासाचा तास मी सोडलेला नाही. दरवर्षी मुलांना सांगतो, खडेबाजारातून रेल्वे स्टेशनला जायच्या वाटेचा नकाशा काढा. बहुतेक मुले प्रत्येक गल्ली, प्रत्येक वळण काढतात आणि कागद अपुरा पडतो. गेल्या वर्षी एका मुलीने एकच सरळ रेघ ओढली, तीवर तीन ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्याशी कोणीकडे वळायचे तेवढे लिहिले. वर्ग हसला. मी मात्र तिला पूर्ण गुण दिले.

हीच युक्ती १९३१ साली लंडनच्या हॅरी बेक या आरेखकाला सुचली होती. तोवरचे भुयारी रेल्वेचे नकाशे खऱ्या अंतरांना धरून असत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी नावांची दाटी होई. बेकने विचार केला, जमिनीखालून जाणाऱ्याला वरचे रस्ते हवेत कशाला? कोठे चढायचे आणि कोठे गाडी बदलायची, एवढे कळले की पुरे. त्याने सारे मार्ग आडवे, उभे किंवा ४५ अंशांत तिरपे केले, प्रत्येकाला रंग दिला, मधली दाटी सैल केली. वरच्या भूगोलापैकी टेम्स नदी तेवढी ठेवली. वरिष्ठांनी आधी तो नकाशा नाकारला. १९३३ च्या जानेवारीत तो छापून निघाला आणि लोकांनी उचलून धरला.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पण मुंबई लोकलच्या साऱ्या मार्गांचा बेकच्या धर्तीचा नकाशा आयआयटी मुंबईतील प्रा. मंदार राणे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला, तो अगदी अलीकडे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात.

वाचकहो, अशा नकाशात अंतर खोटे असले तरी चालते, नाव परके झाले की प्रवासी अडतो. आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून आमचे गाव कागदोपत्री ‘बेळगावी’ झाले, घरात ते बेळगावच राहिले. बेंगळुरूच्या मेट्रोतील हिंदी पाट्या २०१७ च्या आंदोलनानंतर उतरल्या. तेथल्या लोकांचा कन्नडचा आग्रह मला समजतो. आपलाही मराठीचा आग्रह त्याच जातीचा आहे. पण माझ्या वहिनींना मराठीखेरीज काही वाचता येत नाही. लेकीकडे बेंगळुरूस गेल्या, तेव्हा मॅजेस्टिकला जांभळी गाडी सोडून हिरवीत बसायचे, एवढ्या खुणेवर त्या बिनचूक पोचल्या. पुण्यात नोकरीला लागलेल्या आमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या मुलालाही पहिले काही दिवस रंगानेच वाट दाखवली.

त्या मुलीच्या कागदाविषयी एक सांगायचे राहिले. तिन्ही ठिपक्यांची नावे तिने मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिली होती. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, “सर, वाट चुकलेला माणूस कोण असेल, ते आधी कसं कळणार?”