उपनगरी रेल्वेतील पहिला वर्ग

महानगर व त्याची उपनगरे यांच्यामध्ये दररोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांच्या गाड्यांत अधिक भाडे आकारून वेगळा राखलेला डबा किंवा डब्याचा भाग. लांब पल्ल्याच्या गाडीतील पहिल्या वर्गाशी त्याचे नाव जुळत असले, तरी दोहोंचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. शेलूबाजार (जि. वाशिम) येथे लोहमार्ग नाही, तेथील प्रवासी अकोल्यास येऊन मुंबईची गाडी पकडतो, तेव्हा त्याच्या आरक्षित तिकिटावर डब्याचा व आसनाचा क्रमांक छापलेला असतो आणि ते आसन मुंबईपर्यंत त्याचेच राहते. मुंबईत उतरून त्याने उपनगरी गाडीचे पहिल्या वर्गाचे तिकीट घेतले, तर त्यावर असा कोणताही क्रमांक नसतो. त्या तिकिटाने त्याला पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरण्याचा अधिकार मिळतो. बसण्याचा मिळत नाही. गर्दीच्या वेळी या दोन अधिकारांतील अंतर स्पष्ट होते व ते भरून काढण्यासाठी प्रवाशांनी आपसांत काही अलिखित नियम रूढ केले आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील या वर्गाचा इतिहास, त्यासंबंधीचा कायदा व आसनांचे रूढ नियम यांचा विचार येथे केला आहे.

वर्गव्यवस्थेचा उगम : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सु. ३४ किमी. मार्गावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी धावली. सुरुवातीच्या दरपत्रकानुसार या प्रवासास पहिल्या वर्गाला २ रु. १० आणे व तिसऱ्या वर्गाला ५ आणे ३ पै पडत; म्हणजे पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या आठपट होते. हे अंतर केवळ सोयीचे नव्हते. पहिल्या वर्गात प्रामुख्याने यूरोपीय अधिकारी, व्यापारी व मोजके धनिक एतद्देशीय प्रवास करीत, तर कारागीर, मजूर व शेतकरी यांचा भरणा तिसऱ्या वर्गात असे. समाजातील उतरंड डब्यांच्या रांगेत जशीच्या तशी उमटली होती. तिकीट असूनही वर्णामुळे पहिल्या वर्गाचा अधिकार नाकारला जाऊ शकतो, याचा अनुभव मोहनदास करमचंद गांधी यांना १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्सबर्ग स्थानकावर आला. 

मुंबईच्या पश्चिमेकडील मार्गावर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६७ मध्ये विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू केली. तथापि आजच्या अर्थाने उपनगरी वाहतुकीचा आरंभ विद्युतीकरणाने झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विद्युत् गाडी धावली व १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर विद्युत् गाड्या सुरू झाल्या. गाड्या जलद व वारंवार धावू लागल्यामुळे कचेरीतील नोकरदार शहराबाहेर राहू लागला. स्वातंत्र्योत्तर काळात रेल्वेच्या वर्गांची पुनर्रचना झाली. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करून दुसऱ्या वर्गास ‘पहिला’ हे नाव देण्यात आले आणि १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता जाऊन ‘दुसरा’ झाला. त्यामुळे उपनगरी गाडीत पहिला व दुसरा असे दोनच वर्ग उरले. एकेकाळचा साहेबांचा डबा आता बँक, विमा कंपनी, न्यायालय व सरकारी कचेऱ्या यांतील मध्यमवर्गीयांचा झाला.

कायद्यातील तरतुदी : भारतीय रेल्वे अधिनियम, १८९० याच्या ६३ व्या कलमानुसार प्रत्येक डब्यात किती प्रवासी बसावेत याची कमाल संख्या ठरवून ती डब्यावर ठळकपणे लावणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक होते. अशा भरलेल्या डब्यात प्रवाशास शिरण्याची सक्ती करणारा रेल्वे कर्मचारी कलम १०२ खाली दंडास पात्र ठरे. कलम १०९ मध्ये भरलेल्या डब्यातून बाहेर पडण्यास नकार देणारा प्रवासी आणि जागा असूनही दुसऱ्यास आत येऊ न देणारा प्रवासी, असे दोघेही दोषी मानलेले होते. कागदावर ही योजना निर्दोष होती. व्यवहारात मात्र ती अगदी लवकर निष्प्रभ ठरली. १९१७ मध्ये मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासाचे वर्णन म. गांधींनी प्रसिद्ध केले. २२ प्रवाशांसाठी असलेल्या त्यांच्या डब्यात बराच काळ ३५ प्रवासी होते आणि हाणामारीचा प्रसंग वडीलधाऱ्या प्रवाशांच्या मध्यस्थीने टळला होता. संख्येची पाटी गर्दी रोखू शकली नाही. सहप्रवाशांनी ती कशीबशी सुसह्य केली, असा त्याचा निष्कर्ष निघतो.

आसनाच्या प्रश्नाच्या दृष्टीने १८९० च्या अधिनियमातील ६७ वे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. गाडीत जागा असल्यासच तिकीट लागू होईल, ही अट त्याने प्रत्येक तिकिटास जोडली. आपल्या वर्गात जागा नसल्यामुळे खालच्या वर्गातून जावे लागलेल्या प्रवाशास भाड्यातील फरक परत मागता येत असे. १ जुलै १९९० पासून अंमलात आलेल्या रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या ५१ व्या कलमात हेच तत्त्व कायम राहिले आणि कमाल प्रवासीसंख्या लावण्याची तरतूद कलम ५७ मध्ये आली. दुसऱ्याच्या कायदेशीर प्रवेशास प्रतिबंध करणे हा कलम १५५ खाली गुन्हा आहे. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गातून जाणाऱ्याकडून कलम १३८ नुसार भाड्यातील फरक व अधिआकार वसूल केला जातो. या अधिआकाराची किमान रक्कम २००४ मध्ये २५० रु. करण्यात आली. थोडक्यात, डब्यात कोण यावे हे कायदा सांगतो. आत आलेल्यांपैकी बसावे कोणी, याविषयी तो मौन पाळतो.

गर्दीचे स्वरूप : मुंबईच्या निमुळत्या भूरचनेमुळे कचेऱ्या दक्षिणेकडे व वस्ती उत्तरेकडे अशी विभागणी झाली. त्यामुळे सकाळी एका दिशेस व सायंकाळी विरुद्ध दिशेस एकदम लोंढा वाहतो. नऊ डब्यांच्या गाडीची मूळ क्षमता सु. १,७०० प्रवाशांची असता गर्दीच्या वेळी तीतून सु. ४,५०० प्रवासी जात असल्याचे आढळले आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी अशी स्थिती येते. तिला रेल्वेच्या परिभाषेत ‘अतिघन गर्दी’ मानले जाते. पुढे १२ व १५ डब्यांच्या गाड्या आल्या. परंतु वसई-विरार, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इ. ठिकाणची वस्ती त्याहून वेगाने वाढली. पहिल्या वर्गाचा डबा या लोंढ्यापासून अलिप्त राहू शकत नाही. गादीची आसने हा त्याचा दृश्य विशेष असला, तरी पासधारक प्रत्यक्षात पैसे मोजतो ते काहीशा विरळ गर्दीसाठी. गर्दी अतिघन झाली, की तो विशेषही लोपतो व प्रवासी दारात लोंबकळतो.

आसनांचे रूढ नियम : बाक तीन प्रवाशांसाठी असतो. दुसऱ्या वर्गात तिघांनी सरकून चौथ्यास टेकण्यापुरती जागा द्यावी, असा प्रघात आहे. या अर्ध्या जागेला ‘चौथी सीट’ म्हणतात. पहिल्या वर्गात तिची मागणी सहसा होत नाही. तेथे बाकावर तिघेच बसावेत, हा अलिखित नियम म्हणजे वर्गभेदाची खरी सीमारेषा होय. समोरासमोरच्या दोन बाकांमधील जागेत उभे राहणाऱ्यांचा क्रम लागतो आणि बसलेला प्रवासी उठल्यावर त्याच्यासमोर उभा असलेल्याचा त्या जागेवर पहिला हक्क मानतात. चढताच ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा बोलून ठेवण्याची पद्धत स्त्रियांच्या डब्यात विशेष रुळली आहे; तेथे एका आसनावर एकामागून एक अशा दोघी-तिघींचे हक्क ठरून गेलेले असतात. दीर्घकाळ बसलेल्याने मध्यावर उठून मित्रास बसू देणे, वृद्ध वा गरोदर स्त्रीस जागा देणे, उभ्या असलेल्याची पिशवी मांडीवर घेणे, हेही याच व्यवहाराचे भाग होत.

या नियमांना दुसरी बाजूही आहे. रोजच्या गाडीने जाणाऱ्यांचे गट बनतात व ते रुमाल किंवा पिशवी टाकून सोबत्यांसाठी जागा अडवितात. मधल्या स्थानकावर राहणारा प्रवासी जागा मिळावी म्हणून प्रथम उलट दिशेने अंतिम स्थानकापर्यंत जातो आणि त्याच गाडीने बसून परततो; भाईंदरचा प्रवासी विरारला जाऊन येतो. त्याचा पास त्या अंतरासाठी असल्यास यात नियमभंग नाही. परंतु अंतिम स्थानकावर फलाटावर ताटकळणाऱ्याला गाडी येताच भरलेली दिसते व त्यातून कलह उद्‌भवतात. दूरच्या गाडीत जवळच्या प्रवाशाने चढू नये म्हणून दार अडविण्याचे प्रकारही घडतात. कलम १५५ नुसार तो गुन्हा असला, तरी चालत्या गाडीत दाद मागण्यास कोणी नसते. नव्याने आलेला, एकटा किंवा अशक्त प्रवासी या रूढ न्यायव्यवस्थेत नेहमीच मागे राहतो. पैसे सर्वांनी सारखेच भरलेले असताना जागा मात्र ओळखीवर मिळते, ही तिची मोठी उणीव होय.

स्त्रियांसाठी राखीव डब्याची तरतूद १८९० च्या अधिनियमापासून (कलम ६४) आहे. मुंबईत पहिल्या वर्गातही स्त्रियांसाठी स्वतंत्र, पण आकाराने लहान कक्ष असतो. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढल्यावर तो अपुरा पडू लागला. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी असलेली गाडी सुरू झाली.

सुरक्षितता : अधिक भाडे भरल्याने अधिक सुरक्षितता लाभते, हा समज अनुभवाने टिकलेला नाही. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत झालेले सात बाँबस्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले व त्यांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. उघड्या दारांचा धोकाही दोन्ही वर्गांस सारखाच आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन गाड्या परस्परांजवळून जात असता दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले व त्यांपैकी किमान चौघांचा मृत्यू झाला. बसण्यास जागा नसणे ही गैरसोय खरी. परंतु आत उभे राहण्यासही जागा नसणे हा जीविताचा प्रश्न होय.

परदेशांतील व्यवहार : लंडनच्या भुयारी व शहरांतर्गत गाड्यांतील पहिला वर्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, बंद करण्यात आला. पॅरिसच्या मेट्रोने वेगळा मार्ग अनुसरला. १९८२ पासून तेथे पहिला वर्ग सकाळी ९ ते सायंकाळी ५ एवढाच वेळ राखीव ठेवून गर्दीच्या वेळी तो डबा सर्वांस खुला केला गेला. १९९१ मध्ये तो कायमचा रद्द झाला. टोकिओ परिसरातील उपनगरी गाड्यांत ‘ग्रीन कार’ हा अधिक भाड्याचा डबा असतो. मात्र ते भाडे भरूनही आसनाची हमी मिळत नाही. गर्दीत वर्ग टिकवायचा की गर्दीपुरता तरी मोडायचा, या प्रश्नाची अशी भिन्न उत्तरे आढळतात.

अलीकडील बदल : मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत वर्ग नाहीत. उपनगरी रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित गाडी धावली. तीत आतमध्ये वर्ग नसले, तरी संपूर्ण गाडीच अधिक भाड्याची असते. मे २०२२ मध्ये या गाड्यांचे तिकीटदर सु. निम्मे करण्यात आले. त्याच वेळी पहिल्या वर्गाचे किमान तिकीट ५० रुपयांवरून २५ रुपयांवर आले; दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रु. होते. पासांच्या दरात ही सवलत नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनी नेहमीच्या गाड्यांऐवजी वातानुकूलित गाड्या सोडण्यास विरोध केला आणि मध्य रेल्वेने वाढविलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. पूर्वी एका डब्यापुरता असलेला वर्गभेद वेळापत्रकात शिरला, हा त्या विरोधाचा आशय होता : राखीव डबा गाडीतील थोडीच जागा घेतो, राखीव गाडी मात्र इतरांचा वेळही घेते.

१८५३ मध्ये आठपट असलेले भाड्यातील अंतर २०२२ पूर्वी किमान तिकिटात दहापट होते व नंतर पाचपट झाले. या दीर्घ काळात पहिल्या वर्गाच्या तिकिटाने आसन कधीच विकले नाही; विकला तो गर्दीपासूनचा थोडासा दुरावा. कमाल प्रवासीसंख्येची पाटी लावण्याची आज्ञा कायद्यात शतकाहून अधिक काळ आहे. ती पाळता येईल इतक्या गाड्या जोवर धावत नाहीत, तोवर आसनांचे वाटप प्रवाशांच्या परस्पर सौजन्यावर आणि क्वचित त्यांच्या दंडेलीवरही अवलंबून राहणे अपरिहार्य होय.