समुद्र, गोल्फ आणि जमीन : हिल्टन हेडवरील सी पाइन्स

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण टोकाशी, अटलांटिक महासागराच्या काठावर हिल्टन हेड नावाचे बेट आहे. लांबी सुमारे 12 मैल, रुंदी सुमारे पाच मैल आणि आकार बुटासारखा. या बुटाचा चवडा म्हणजे सी पाइन्स ही सुमारे 5,200 एकरांची वसाहत. तीन गोल्फ कोर्स, मातीची टेनिस कोर्ट, पाच मैलांचा वाळूचा किनारा, शिडाच्या नौकांसाठी धक्के, घोड्यांच्या पागा, सायकलींच्या वाटा आणि मध्यभागी 605 एकरांचे राखीव रान एवढा पसारा आज तेथे आहे. समुद्रकाठच्या श्रीमंती विश्रामस्थळात काय काय असावे, याचा अमेरिकेतील नमुना बऱ्याच अंशी येथे ठरला. मात्र या सुखसोयी पाहुण्यांच्या हौसेपोटी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांची मुळे जमिनीच्या व्यवहारात आहेत आणि त्या जमिनीला जुना इतिहास आहे.

बार्बाडोसहून निघालेला इंग्रज कप्तान विल्यम हिल्टन 1663 मध्ये या किनाऱ्याजवळ आला. येथील भूशिराला त्याचे नाव पडले आणि पुढे तेच बेटाचे झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर ‘सी आयलंड’ जातीचा लांब धाग्याचा कापूस पिकू लागला. हा कापूस जगातील सर्वांत महाग कापसांपैकी एक होता आणि तो गुलाम आफ्रिकींच्या श्रमावर पिकत होता. यादवी युद्ध सुरू झाल्यावर 7 नोव्हेंबर 1861 रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलच्या लढाईत बेट जिंकले. मळेवाले घरे टाकून पळाले. त्यानंतर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराचा मोठा तळ याच परिसरात राहिला. त्या नाकेबंदीमुळे अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे कापूस व शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातील शेअरबाजाराचा उन्माद, बॅकबेच्या भरावाच्या योजना आणि 1865 चे दिवाळे या साऱ्याच्या मागे जी नाकेबंदी होती, तिचा एक खुंटा हिल्टन हेडवर रोवलेला होता.

जनरल ऑर्म्सबी मिचेल याने 1862 मध्ये मुक्त झालेल्या गुलामांसाठी बेटावर गाव वसवले. त्याला मिचेलव्हिल म्हणतात. तेथे गावकऱ्यांनी आपला कारभार स्वतः पाहिला आणि मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे केले. युद्धानंतर बऱ्याच कुटुंबांनी थोडीथोडी जमीन विकत घेतली. शेती, मासेमारी आणि कालवे गोळा करणे यांवर त्यांची गुजराण चाले. मुख्य भूमीशी संबंध होडीपुरता राहिल्याने त्यांची भाषा, गाणी, टोपल्या विणण्याची कला आणि स्वयंपाक टिकून राहिला. हा समाज गला या नावाने ओळखला जातो. बेटाचा फार मोठा भाग मात्र उत्तरेकडील धनिकांच्या हाती गेला आणि त्यांनी तो शिकारीसाठी राखून ठेवला. लँडन थॉर्न आणि आल्फ्रेड लूमिस हे 1930 च्या दशकातील त्यांचे शेवटचे मोठे प्रतिनिधी. यातील लूमिस पुढे दुसऱ्या महायुद्धातील रडार संशोधनामुळे प्रसिद्ध झाला. समुद्रकाठची करमणूकही सी पाइन्सच्या आधीपासून बेटावर होती. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना बहुतेक किनाऱ्यांवर मज्जाव असे. तेव्हा ब्रॅडली, कॉलियर आणि सिंगल्टन हे हिल्टन हेडवरचे किनारे कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालकीचे होते आणि लोक तेथे पोहायला, नाचायला येत. विश्रामस्थळांच्या माहितीपत्रकांतून हा भाग सहसा गळतो.

1949 मध्ये जॉर्जिया राज्यातील हाइन्सव्हिलच्या लाकूड व्यापाऱ्यांनी बेटाच्या दक्षिणेकडील सुमारे 8,000 एकर जमीन घेतली. भाव एकरी साधारण 60 डॉलर पडला. त्यांचे लक्ष पाइन वृक्षांवर होते, किनाऱ्यावर नव्हे. जनरल जोसेफ फ्रेझर हे या मंडळींपैकी एक. त्यांचा धाकटा मुलगा चार्ल्स हा येल विद्यापीठात कायदा शिकत होता आणि जमिनीच्या वापरावर कायद्याने अंकुश कसा ठेवावा, या विषयात त्याला गोडी होती. जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर वाळूच्या टेकाडांवर खेटून बांधलेली मोटेले त्याने पाहिली होती. वडिलांच्या जमिनीचे तसे होऊ नये, असे त्याने ठरवले. वीज बेटावर 1950 च्या सुमारास आली, 1956 मध्ये मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला आणि 1957 मध्ये सी पाइन्स कंपनीचे काम सुरू झाले. चार्ल्स फ्रेझर तेव्हा तिशीतही पोहोचला नव्हता.

आराखडा हार्वर्डचे भूरचनाकार हिदेओ सासाकी यांच्या मदतीने तयार झाला. तोवरची रीत अशी, की किनाऱ्याला समांतर रस्ता काढायचा आणि त्याच्या समुद्राकडील बाजूला घरांची रांग लावायची. त्यामुळे पहिल्या रांगेला समुद्र मिळे आणि मागच्यांना पहिल्या रांगेची पाठ. सी पाइन्समध्ये मुख्य रस्ता बराच आत ठेवला गेला. त्यातून समुद्राकडे आडव्या गल्ल्या काढल्या आणि त्यांच्यामधून पायवाटा थेट वाळूपर्यंत नेल्या. मागच्या प्लॉटवाल्यालाही किनारा पायी गाठता येऊ लागला, साहजिकच त्याच्या प्लॉटची किंमत वाढली. घरे वाळूच्या टेकाडांमागे, झाडांच्या आडोशाला. भिंती न रंगवलेल्या लाकडाच्या किंवा मातकट रंगाच्या, छपरे झाडांच्या शेंड्यांखाली. हे सारे सरकारी नियमांनी झाले नाही, कारण बेटावर तसे नियमच नव्हते. फ्रेझरने प्रत्येक खरेदीखतातच अटी घातल्या. परवानगीशिवाय मोठे झाड तोडायचे नाही, नकाशा कंपनीच्या तज्ज्ञांना दाखवल्याखेरीज घर बांधायचे नाही. जमीन विकली तरी तिच्यावरचा ताबा सुटू नये, अशी ही तजवीज होती. पुढे अमेरिकेतील असंख्य खासगी वसाहतींनी ती उचलली.

गोल्फचा प्रवेश याच हिशेबातून झाला. समुद्रकाठ पाच मैलांचा, तो वाढवता येत नाही. अठरा होलचा गोल्फ कोर्स मात्र 6,600 यार्डांच्या आसपास लांब असतो, म्हणजे पावणेचार मैल. त्याच्या दोन्ही कडा मोजल्या तर सात मैलांहून जास्त. त्यातली प्रत्येक कड घरांना देता येत नाही हे खरे, पण पाणथळ रानाच्या मधोमध असलेल्या, एरवी कोणी न घेतलेल्या प्लॉटला अचानक हिरवळीचा देखावा आणि चढा भाव मिळतो. बेटावरचा पहिला कोर्स जॉर्ज कॉब याने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ओशन कोर्स या नावाने रचला. नाव समुद्राचे असले तरी त्याचा बहुतेक भाग रानातच होता. कोर्ससाठी खणलेली तळी पावसाचे पाणी साठवत आणि त्यांतून निघालेली माती सखल जागी भर घालायला उपयोगी पडे. एका खर्चात तीन कामे होत.

बेटाचे नाव देशभर झाले ते हार्बर टाउन गोल्फ लिंक्समुळे. पीट डाय याने गोल्फपटू जॅक निकलस याच्या सल्ल्याने रचलेला हा कोर्स 1969 मध्ये खुला झाला. त्या काळी लांबलचक कोर्स आणि प्रशस्त ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) यांची चलती होती. चेंडू जितका लांब मारता येईल तितके बरे. डायने उलट दिशा धरली. फेअरवे (ग्रीनपर्यंत नेणारे हिरवळीचे पट्टे) अरुंद, ग्रीन इवलाली, ओकच्या फांद्या चेंडूच्या वाटेत आणि कडांना लाकडी फळ्यांचे बांध. येथे ताकदीपेक्षा चेंडू नेमका कोठे टाकायचा, या अकलेची कसोटी लागते. तेराव्या होलच्या ग्रीनभोवतीचा फळ्यांचा बांध डायची पत्नी आणि स्वतः उत्तम गोल्फपटू असलेली ॲलिस डाय हिने सुचवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हेरिटेज क्लासिक ही स्पर्धा येथे सुरू झाली आणि बरेच महिने विजयाविना राहिलेल्या विख्यात गोल्फपटू अर्नोल्ड पामरने ती जिंकली. नव्या कोर्सला यापेक्षा मोठी जाहिरात मिळाली नसती. शेवटचा होल कॅलिबोगी खाडीच्या काठाने दीपगृहाकडे जातो आणि दूरचित्रवाणीने तो घराघरांत पोहोचवला.

ते दीपगृह नौकांच्या गरजेपेक्षा नजरेसाठी उभारलेले आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा 90 फुटी मनोरा 1970 मध्ये पुरा झाला. तेव्हा लोक त्याला फ्रेझरचा वेडेपणा म्हणत. मनोऱ्याखालचे गोल बंदर भूमध्य समुद्रकाठच्या जुन्या बंदरगावांवरून घेतलेले आहे. बंदराच्या काठावर एक जुना ओक होता. तो वाचवण्यासाठी फ्रेझरने आराखडा बदलला. 2002 मध्ये टर्क्स आणि कायकोस बेटांजवळ नौकेच्या स्फोटात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला त्याच झाडाखाली पुरण्यात आले.

टेनिसचे गणित गोल्फहून वेगळे. अठरा होलना साधारण दीडशे एकर लागतात, तर बाजूच्या मोकळ्या जागेसह एक टेनिस कोर्ट एकराच्या सहाव्या भागात मावते. गोल्फ निवृत्त पुरुषांचा खेळ मानला जाई. टेनिसमुळे बायका, मुले आणि तरुण जोडपी आठवडाभर राहायला येऊ लागली. हार्ड कोर्टाऐवजी येथे हिरव्या मातीची कोर्ट केली गेली. दळलेल्या दगडाची ही भुकटी पाणी लवकर शोषते, चेंडू संथ उसळवते आणि गुडघ्यांना सोसवते. पाहुण्यांमध्ये पन्नाशीचे खेळाडू बरेच असल्याने ही निवड शहाणपणाची होती. 1971 ची अमेरिकन आणि 1972 ची विम्बल्डन स्पर्धा जिंकणाऱ्या स्टॅन स्मिथचे नाव येथील टेनिस क्लबशी जोडले गेले. 1973 मध्ये येथे फॅमिली सर्कल कप सुरू झाला. बक्षिसांची एकूण रक्कम 1,00,000 डॉलर होती आणि विजेत्या रोझी कसाल्सला 30,000 डॉलर मिळाले. महिला खेळाडू समान मोबदल्यासाठी भांडत होत्या त्या काळात ही रक्कम बोलकी ठरली. ख्रिस एव्हर्टने ही स्पर्धा आठ वेळा जिंकली. 2001 मध्ये ती चार्ल्सटनला गेली.

जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने 1969 मध्ये बेटासमोरच्या व्हिक्टोरिया ब्लफवर रासायनिक कारखाना उभारण्याचे ठरवले, तेव्हा स्वच्छ पाणी हाच या साऱ्याचा पाया असल्याचे स्पष्ट झाले. विश्रामस्थळांचे मालक आणि कृष्णवर्णीय कोळंबी पकडणारे मच्छीमार एकत्र आले. ‘कॅप्टन डेव्ह’ नावाची मासेमारी नौका सह्यांचे अर्ज घेऊन 1970 मध्ये वॉशिंग्टनला गेली. अखेर कंपनीने माघार घेतली. स्थानिक लोकांत मात्र एकमत नव्हते. ज्यांच्या हाताला काम नव्हते, त्यांना कारखाना हवा होता.

यशाने सी पाइन्स कंपनीचा हात सैल झाला. तिने फ्लोरिडात अमेलिया आयलंड आणि प्वेर्तो रिकोत पाल्मास देल मार अशी नवी कामे अंगावर घेतली. कुवेती भांडवलाने घेतलेल्या कियावा बेटाचा आराखडाही तिने केला. 1973 च्या तेलसंकटानंतर व्याजदर चढले, प्लॉट विकले जाईनात आणि कंपनी कर्जात रुतली. 1983 मध्ये फ्रेझर बाहेर पडला. पुढच्या काही वर्षांत मालकी हातोहात बदलली आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयापर्यंत गेले. याच 1983 साली बेटावर नगरपालिका स्थापन झाली. सी पाइन्सच्या बाहेर स्वस्त, खेटून बांधलेल्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि खरेदीखतातील अटी वसाहतीच्या फाटकाबाहेर लागू पडत नव्हत्या.

विश्रामस्थळांच्या भरभराटीचा बोजा गला कुटुंबांवर पडला. 1950 मध्ये बेटावर जेमतेम हजारभर लोक होते आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 37,661 भरली, पण कृष्णवर्णीयांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. हॉटेलांत आणि गोल्फच्या हिरवळीवर त्यांना कामे मिळाली, पण शेजारच्या जमिनीची किंमत वाढली तसा त्यांच्या जमिनीवरचा करही वाढला. त्यात बहुतेक जमिनी मृत्युपत्राविना वारसांकडे आलेल्या. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असलेली सामाईक वाडी असते, तसाच हा प्रकार. दूर शहरात राहणाऱ्या एका हिस्सेदाराकडून वाटा विकत घ्यायचा, मग न्यायालयात वाटणी मागायची आणि सगळ्या जमिनीचा लिलाव घडवून आणायचा, ही युक्ती बिल्डरांना चांगली साधली होती. गला लोकांची जुनी दफनभूमी हार्बर टाउनच्या अठराव्या होलजवळ, फाटकाच्या आत आली. पूर्वजांच्या थडग्यापाशी जायलाही फाटकातून जावे लागू लागले. काही वसाहतींनी नावात ‘प्लांटेशन’ म्हणजे मळा हा शब्द मिरवला. तो गुलामांच्या वंशजांच्या कानांना कसा लागतो, याचा विचार फारसा झाला नाही.

साउथ कॅरोलायनाने 2016 मध्ये वारसांच्या सामाईक जमिनीबाबत नवा कायदा केला. एका हिस्सेदाराने विक्री मागितली तर उरलेल्यांना त्याचा वाटा रास्त किमतीत घेण्याची संधी आता आधी द्यावी लागते. हा कायदा आला तेव्हा सी पाइन्सला 59 वर्षे झाली होती आणि बेटाच्या किनाऱ्यालगतची बहुतेक जमीन त्याआधीच विकली गेली होती.