मक्षिकास्थाने मक्षिका: फाइल कॉपी करण्याच्या आज्ञेचा छोटा इतिहास

रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला आपण अस्सल साधन, दुय्यम साधन, साधनचिकित्सा हे शब्द पाठ करतो. पेटच्या पेपरात ते लिहितोही. पण साधन वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे एखादं छोटं उदाहरण हाताळल्याशिवाय कळत नाही. आज असंच एक उदाहरण घेऊया: कमांड लाइनवरून फाइल आणि डिरेक्टरी कॉपी करणं. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण या कामाची साधनं मोजकी आहेत आणि त्यांची कागदपत्रं शिल्लक आहेत. शिवाय तुमचा सगळा डेटा पुढची चार-पाच वर्षं याच आज्ञांच्या भरवशावर राहणार आहे.

आधी नक्कल या शब्दाकडे बघू. मराठीत हुबेहूब नकलेला आपण ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणतो. मूळ पोथीच्या पानावर माशी चिकटून मेलेली होती, तर नक्कल करणाऱ्यानं आपल्या पानावरही त्याच जागी माशी आणून चिकटवली! कचेरीत हीच गोष्ट जरा गंभीरपणे ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ म्हणून शिक्क्यासह मिळते. दोन्हींत गृहीत एकच आहे, की मुळात जे जे आहे ते ते नकलेत आलं. कॉम्प्युटरवर कॉपी करतानाही आपण हेच गृहीत धरतो. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मात्र सांगतो, की प्रत्येक आज्ञेनं काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं हे आधीच ठरवलेलं असतं आणि ते आपल्याला विचारून ठरवलेलं नसतं.

१. 1971 चं मॅन्युअल

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये युनिक्सचं काम सुरू केलं. अगदी पहिल्या अवस्थेतही फाइल कॉपी करणं, छापणं, पुसणं आणि संपादित करणं एवढ्या सोयी त्यात होत्या. पुढे ही प्रणाली पीडीपी-11 या यंत्रावर आली. त्याची मेमरी 24 किलोबाइट आणि डिस्क 512 किलोबाइट. आज फोनमधला एखादा फोटोसुद्धा त्या डिस्कवर मावणार नाही.

3 नोव्हेंबर 1971 ही तारीख असलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल आज वाचायला मिळतं. त्यात ‘सीपी’ ही आज्ञा आहे. ती जोड्यांनी चालायची. पहिली फाइल दुसरीत, तिसरी चौथीत, असं एका ओळीत पुढे पुढे. मात्र डिरेक्टरी तिला समजत नव्हती.

आता नीट वाचा. मॅन्युअल म्हणतं की नवी फाइल मोड 17 नं तयार होते. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे. त्याच मॅन्युअलमध्ये परवानग्यांचं पान काढलं, तर त्याचा अर्थ लागतो: मालकाला आणि इतरांनाही वाचायची आणि लिहायची मुभा, पण प्रोग्राम म्हणून चालवायची मुभा नाही. म्हणजे चालता प्रोग्राम कॉपी केला, की त्याची प्रत चालायची नाही. आणि फक्त स्वतःसाठी ठेवलेली फाइल कॉपी केली, की तिची प्रत सगळ्यांना खुली! अक्षर न् अक्षर तेच, पण वस्तू तीच नाही.

हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. या मॅन्युअलमध्ये प्रत्येक आज्ञेच्या पानावर शेवटी ‘बग्ज’ असा भाग असतो. सीपीच्या पानावर तिथे दोन गोष्टी सरळ मांडल्या आहेत. एक, नकलेला मूळ फाइलचाच मोड मिळायला हवा. दोन, फाइल हलवण्याच्या ‘एमव्ही’ आज्ञेत डिरेक्टरीसाठी जी रीत आहे, ती इथेही आणायला हवी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भाग म्हणजे खजिना आहे. मुख्य मजकुरात वस्तू कशी आहे ते असतं. ‘बग्ज’मध्ये ती कशी असायला हवी होती, ते करणाऱ्यांच्याच तोंडून कळतं. सरकारी अहवाल वाचताना आपण शेरे, परिशिष्टं आणि भिन्नमतपत्रिका आधी उघडतो ना, तसंच.

२. अख्खं झाड उचलायचं

1979 मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तोवर ही दोन्ही कामं झालेली दिसतात. नवी फाइल मूळ फाइलचा मोड घेते आणि शेवटचं नाव डिरेक्टरीचं असेल तर अनेक फाइली एकदम तिच्यात जातात. पण अख्खी डिरेक्टरी, तिच्या पोटातल्या डिरेक्टऱ्या, त्यांच्याही पोटातल्या, असं सगळं झाड उचलायची सोय सीपीत अजूनही नव्हती.

मग लोक काय करत? त्याच आवृत्तीत ‘टार’ ही आज्ञा आली. नाव आलं टेपवरून, कारण फाइली एका गठ्ठ्यात बांधून चुंबकीय टेपवर साठवणं हे तिचं काम. टारच्या मॅन्युअलमध्येच एक युक्ती दिलेली आहे. गठ्ठा टेपवर न बांधता थेट पाइपमध्ये सोडायचा आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या डिरेक्टरीत बसलेल्या दुसऱ्या टारनं तो सोडायचा. घर बदलताना सामान खोक्यांत भरावं, पण खोकी ट्रकमध्ये न चढवता खिडकीतून थेट शेजारच्या घरात द्यावीत, तसा प्रकार. पाइपची सोय युनिक्समध्ये 1973 पासून होती, त्यामुळे नवी आज्ञा न लिहिता काम भागलं.

आज आपण सीपीला ‘डॅश आर’ जोडतो आणि झाड हलतं. ही सोय पुढे बर्कलीच्या युनिक्समधून रुळली. पण झाड म्हटलं की नवे प्रश्न येतात. वाटेत सिम्बॉलिक लिंक लागली, म्हणजे ‘खरी फाइल तिकडे आहे’ असं सांगणारी पाटी लागली, तर पाटीच न्यायची की तिच्या मागे जाऊन फाइल आणायची? एकाच फाइलला दोन नावं असतील, तर नकलेत एक फाइल करायची की दोन? फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ मूळची ठेवायची की आजची टाकायची? सीपीत वेळ टिकवायची तर ‘डॅश पी’ वेगळं सांगावं लागतं. न सांगितल्यास 2019 मध्ये टिपलेल्या मुलाखतीच्या फाइलवर आजची तारीख पडते. पुढे कालक्रम लावताना ही साधी गोष्ट महागात जाते.

३. दुसऱ्या यंत्रावर

1983 च्या 4.2 बीएसडी या बर्कलीच्या आवृत्तीत ‘आरसीपी’ आली. एका यंत्रावरून दुसऱ्यावर, नेटवर्कमधून कॉपी. तिची भिस्त विश्वासावर होती. अमुक यंत्रावरून अमुक माणूस आला तर पासवर्ड विचारू नका, अशी यादी एका फाइलमध्ये असायची. मजकूर तारेतून उघडाच जायचा. सगळे एकमेकांना ओळखतात अशा वाड्यात हे चालतं. पण 2 नोव्हेंबर 1988 ला मॉरिस वर्म सुटला, तेव्हा त्यानं पसरायला वापरलेल्या वाटांपैकी एक हीच विश्वासाची वाट होती.

1995 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरणारा हल्ला झाला. त्यानंतर तिथल्याच टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याच्यासोबत आलेली ‘एससीपी’ म्हणजे जुनी आरसीपी, पण कुलूपबंद नळीतून चालणारी. आतली बोलण्याची पद्धत मात्र बराच काळ जुनीच राहिली. ओपनएसएसएचनं 2022 मधल्या 9.0 आवृत्तीत ती बदलली आणि एससीपी आतून एसएफटीपी वापरू लागली. आज्ञेचं नाव तेच, काम तेच, आतलं यंत्र वेगळं. जुना लेख आणि नवं मशीन यांत तफावत दिसली तर आधी आवृत्ती विचारावी ती यासाठी.

४. प्रबंधातलं एक प्रकरण

आता तुम्हा-आम्हाला सगळ्यात जवळची गोष्ट. जून 1996 मध्ये कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ची पद्धत एका छोट्या तांत्रिक अहवालात मांडली. ट्रिजेल यांचा पीएचडीचा प्रबंध 1999 चा. त्याचा आधीचा भाग समांतर सॉर्टिंगवर आणि नंतरचा या कॉपीच्या पद्धतीवर. जगभर रोज चालणारी आज्ञा म्हणजे एका प्रबंधातली काही प्रकरणं आहेत!

त्यांचा प्रश्न असा होता. माझ्याकडे नवी फाइल, तुमच्याकडे तिचीच जुनी आवृत्ती, मधली लाइन मंद. बदललेलं तेवढंच पाठवायचं. पण फरक काढायचा तर दोन्ही फाइली एका जागी हव्यात आणि दोन्ही एका जागी असत्या तर पाठवायचं कशाला?

उत्तर असं. तुमचं यंत्र जुन्या फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याची छोटी बेरीज, म्हणजे चेकसम, मला पाठवतं. मी माझ्या फाइलमध्ये तेच तुकडे शोधतो. अडचण अशी की मी सुरुवातीला एक शब्द घातला असेल, तर पुढचं सगळं सरकलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक अक्षरापासून सुरू होणारा तुकडा तपासावा लागतो. दर वेळी पूर्ण बेरीज केली तर दिवस मावळेल. इथे सरकती बेरीज कामी येते. 4, 7, 2, 9 यांची बेरीज 22. चौकट एक घर पुढे सरकली, 4 बाहेर गेला, 5 आत आला: 22 वजा 4 अधिक 5, म्हणजे 23. नव्यानं बेरीज करायची गरजच नाही. आकड्यांचा क्रम बदलला तर साध्या बेरजेला पत्ता लागत नाही, म्हणून तिच्या जोडीला जागेनुसार वजन दिलेली दुसरी बेरीज असते. ही दुबळी पण झटपट चाचणी जुळली, तरच महागडी पक्की चाचणी करायची. मूळ अहवालात ती एमडी4 ची 128 बिटांची होती.

त्यांनी हे लिनक्स कर्नलच्या दोन आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांवर तपासलं. प्रत्येक गठ्ठा सुमारे 24 मेगाबाइट. जुन्या आवृत्तीतल्या 2441 फाइलींपैकी 291 बदललेल्या, 19 काढलेल्या, 25 नव्या. तुकड्याचं माप 500 ते 700 बाइट धरल्यावर दोन्ही दिशांची वाहतूक मिळून मूळ आकाराच्या सुमारे दहाव्या हिश्शात काम झालं. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा. प्रश्न एका परिच्छेदात, पद्धत दोन-तीन पानांत, मग पुरावा. उगाच पसारा नाही.

पण आरसिंकचंही एक गृहीत आहे. वेळ वाचवण्यासाठी ती आधी फक्त फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघते. दोन्ही जुळलं, तर फाइल उघडतही नाही. म्हणून पूर्वी डॅश पी शिवाय कॉपी करून वेळा बिघडवल्या असतील, तर तिला सगळंच बदललेलं वाटतं. उलट आकार आणि वेळ तीच राहून आतला मजकूर खराब झाला असेल, तर तिला कळत नाही. त्यासाठी ‘डॅश सी’ सांगून चेकसम तपासायला लावावं लागतं. ‘डॅश ए’ला अर्काइव्ह म्हणतात, पण हार्ड लिंक, एसीएल आणि विस्तारित गुणधर्म त्यात येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. आणि मूळ डिरेक्टरीच्या नावापुढे ‘/’ दिलं तर फक्त आतलं सामान जातं, नाही दिलं तर डिरेक्टरीसकट जातं. एका तिरक्या रेघेचा फरक.

५. जी नक्कल नक्कलच नाही

शेवटचं वळण अगदी अलीकडचं. सप्टेंबर 2021 च्या जीएनयू कोअरयुटिल्स 9.0 पासून सीपी, फाइल सिस्टीमची सोय असेल तिथे, मजकूर मुळी कॉपीच करत नाही. बीटीआरएफएस किंवा एक्सएफएससारख्या फाइल सिस्टीमवर दोन्ही नावं डिस्कवरच्या त्याच जागेकडे बोट दाखवतात. तुम्ही एकीत बदल केला, की तेवढाच भाग वेगळा होतो. जागा वाचते, काम क्षणात होतं. पण डिस्कचा तो भाग खराब झाला, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जातात. म्हणजे त्याच डिस्कवर सीपीनं केलेल्या प्रतीला बॅकअप समजू नका. तिथे माशी एकच आहे, दोन पानांवरून दिसते इतकंच.

1971 मध्ये मजकूर आला पण परवानगी आली नाही. मग परवानगी आली पण झाड आलं नाही. झाड आलं तर वेळ राहिली. आता कधी कधी सगळं आल्यासारखं दिसतं आणि मजकूर जागचा हललेलाही नसतो. म्हणून फील्डवरून रेकॉर्डिंग घेऊन आलात किंवा दप्तरखान्यातले फोटो काढून आणलेत, की तीन गोष्टी करा. वेळा टिकवून कॉपी करा. प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्हींचे चेकसम काढून जुळवून बघा. आणि कोणत्या आज्ञेनं, कोणत्या तारखेला कॉपी केली ते वहीत टिपून ठेवा. उद्या व्हायव्हामध्ये ‘ही फाइल मूळ आहे कशावरून?’ असं कोणी विचारलं, तर ती नोंदच तुमची अस्सल बरहुकूम.