पिसवांची कुळकथा

‘घरात उंदीर पडले की घर सोडा’ हे आमच्या आजीच्या तोंडचं ठरलेलं वाक्य. १८९६ साली मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि माणसं गावाकडे पळाली. म्हसळा तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. उंदराचा संबंध लोकांनी ओळखला होता, पिसवेचा नाही. तो १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवला, पण मानलं कुणी? पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईत प्रयोग केले. प्लेगच्या घरात उघडे ठेवलेले गिनीपिग मरत, बारीक जाळीतले वाचत. तेव्हा कुठे पिसवेवर शिक्का बसला.

आता जनुकं वाचून पिसवेची वंशावळ मांडतात. २०२० साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी म्हटलं, पिसवा या विंचवासारखी शेपटी असणाऱ्या माश्यांच्याच कुळातल्या. सर्वांत जवळचे नातलग फुलांतला रस पिणारे. सगळ्यांना हे मान्य नाही. पण मला पटतं. शोषायची सोंड आधीच असेल तर रसावरून रक्तावर यायला कितीसा वेळ?

जंतूची गोष्ट याहून नवलाची. २०१५ साली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांत प्लेगचा डीएनए मिळाला. पिसवेच्या पोटात तगून राहायला जे जनुक लागतं, तेच त्यात नव्हतं! रशियात ३,८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत मात्र ते आहे, हे २०१८ साली कळलं. म्हणजे प्लेग आधीचा, पिसवेवरची स्वारी मागाहूनची.