साखळी कुठे अडते

जेजुरीची गोदामं विचारली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं. पुण्याची विचारली की क्वेरी लटकायची. २०१४ चा उन्हाळा होता. एका मालवाहतूक कंपनीच्या कामासाठी आम्ही निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस वापरायला घेतला होता. त्याआधीची माझी दहा वर्षं तक्त्यांच्या डेटाबेसवर गेलेली, म्हणून सवयीने आधी इंडेक्स तपासला. तो जागेवर होता. मेमरी वाढवली, फरक पडला नाही. शेवटी क्वेरीला प्रोफाइल लावून चालवली आणि किती नोंदींना हात लागतोय ते पाहिलं. पुण्यात गोदामं एक्केचाळीस, आणि ती शोधायला सहा लाखांहून जास्त नोंदी उलगडल्या जात होत्या. पुण्याहून सुटलेली आणि पुण्यात उतरलेली प्रत्येक बिल्टी आम्ही ‘पुणे’ या एकाच नोडला बांधून ठेवली होती. गोदामं त्या बिल्ट्यांच्या ढिगात विखुरलेली.

असं का होतं हे मला नीट कळलं ते चाळीस वर्षं जुनं एक व्याख्यान वाचताना. चार्ल्स बॅकमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ बांधला. तोवर माहिती टेपवर असायची आणि एकामागून एक वाचावी लागायची. डिस्क आली तशी हव्या त्या जागी उडी मारता येऊ लागली. बॅकमन यांनी प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवला. पुरवठादाराकडून त्याच्या पहिल्या ऑर्डरकडे, तिथून दुसरीकडे, आणि शेवटची ऑर्डर परत पुरवठादाराकडे बोट दाखवणार. अशी गोल साखळी. १९७३ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानाचं नाव ‘द प्रोग्रॅमर ॲज नॅव्हिगेटर’. माहितीच्या समुद्रात प्रोग्रॅमरने खलाशासारखी वाट काढत जायचं, ही त्यांची कल्पना मला आजही भारून टाकते.

या पद्धतीची दुखणीही साखळीचीच होती. साखळी लांबली की हवी ती नोंद सापडेपर्यंत कडी-कडी मोजत जायचं. दोन पत्ते बदलायच्या मधल्या क्षणी यंत्र बंद पडलं तर साखळी तुटायची. आपण आत्ता कुठल्या नोंदीवर उभे आहोत याचं भान प्रोग्रॅमने ठेवायचं. ते सुटलं की भलतीच नोंद बदलली जायची.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांना ही वाटांची गुंतवळच मान्य नव्हती. १९७० च्या त्यांच्या निबंधाचा आग्रह असा की काय हवं ते माणसाने सांगावं, वाट यंत्राने शोधावी. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला या दोन विचारांचा जाहीर वाद झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कॉड यांचा विचार जगभर रुजला. माझी पिढी त्याच घरात वाढली. पत्ते, कड्या, साखळ्या यांच्याशी आमचा कधी संबंधच आला नाही.

म्हणून पुढची गोष्ट मला जवळची वाटते. २००० साली एमिल आयफ्रेम हा स्वीडिश तरुण विमानाने मुंबईला येत होता. तो आणि त्याचे सहकारी मजकूर-व्यवस्थापनाची प्रणाली बांधत होते, आणि एकमेकांत गुंतलेली माहिती तक्त्यांत बसवताना मेटाकुटीला आले होते. त्या प्रवासात त्याने कागदी नॅपकिनवर आकृती काढली. नोड, त्यांना जोडणाऱ्या रिलेशनशिप, आणि दोहोंवर गुणधर्म. पुढे २००७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि २०१० मध्ये निओफोरजेची १.० आवृत्ती आली.

निओफोरजेच्या २०१४ मधल्या साठवणीत एक रिलेशनशिप म्हणजे ३४ बाइटची नोंद. तिच्यात दोन टोकांचे नोड, प्रकार, आणि दोन्ही टोकांच्या साखळीतल्या मागच्या-पुढच्या कड्यांचे पत्ते. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. बॅकमन यांचीच साखळी, दोन्ही हातांनी धरलेली! साखळी तुटण्यावर ट्रान्झॅक्शनच्या लॉगने इलाज केला होता. लांबण्याचं दुखणं मात्र उरलं होतं, आणि आमचं ‘पुणे’ नेमकं तिथे अडत होतं. त्याच वर्षी आलेल्या २.१ आवृत्तीत फार जोडण्यांच्या नोडवर प्रकार आणि दिशेनुसार वेगळे गट पडू लागले. आम्ही नवी आवृत्ती घेतली, शिवाय बिल्ट्या ‘पुणे’सारख्या नोडवरून काढून त्या-त्या गावाच्या महिन्यांच्या नोडवर टांगल्या.

डेटा पुन्हा चढवताना डेडलॉक आले. चार प्रोग्रॅम एकाच वेळी बिल्ट्या जोडत होते. एकाने पुणे धरलं आणि नाशिकची वाट बघत बसला, दुसऱ्याने नाशिक धरून पुण्याची. मग पहिल्या फेरीत सगळ्या बिल्ट्या सुटण्याच्या गावानुसार लावल्या आणि एका गावाचं काम एकाच प्रोग्रॅमला दिलं. उतरण्याच्या गावांची फेरी वेगळी. काम सुरळीत झालं.

नव्या मुलांची सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार याहून साधी असते. क्वेरीला सुरुवातच दिलेली नसते, मग ती सगळा ग्राफ धुंडाळत बसते. त्यांना मी त्र्यंबकेश्वरचं सांगते. वडिलांच्या कार्यासाठी गेलो तेव्हा गुरुजींनी आधी आडनाव आणि मूळ गाव विचारलं. तेवढ्यावर त्यांनी नेमकी वही काढली आणि पुढे बोट ठेवत पणजोबांपर्यंत गेले. आडनाव-गाव हा इंडेक्स, तिथून पुढे वंशाची वाट. गाव ठाऊक नसतं तर गुरुजींना कपाटभर वह्या चाळाव्या लागल्या असत्या.

एका बिघाडाला मात्र इतिहासात पूर्वज सापडला नाही. कोल्हापूरहून साताऱ्याला जाणाऱ्या ट्रकला आमचा ग्राफ सांगली, पंढरपूर, फलटण असा वळसा सुचवू लागला. लॉगमध्ये एकही चूक नाही. नकाशावर कऱ्हाड दोनदा दिसत होतं. गाव चढवताना आम्ही ‘मर्ज’ वापरत होतो, म्हणजे असेल तर तेच घे, नसेल तर नवं कर. नाव एकमेव असावं असा कन्स्ट्रेंटही होता. तरी दोन कऱ्हाड. एकाला कोल्हापूरचा रस्ता, दुसऱ्याला साताऱ्याचा, मधे काही नाही.

दोन्ही नावं मोठी करून शेजारी ठेवली, तसूभर फरक दिसेना. शेवटी अक्षरांची लांबी विचारली. एकाची सहा, दुसऱ्याची सात.

आपला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एका कार्यालयातला कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त देत होता. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालत होता. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरणही या दोन रूपांना एक मानत नाही. मग वऱ्हाड, कऱ्हा, गोऱ्हे अशी नावं काढून पाहिली; जिथे तो र, तिथे तीच जोडी. डेटा चढण्याआधीच र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसलं की त्याजागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायची एक ओळ लिहिली. दोन्ही नोडांचे रस्ते एकावर आणले, रिकामा झालेला नोड पुसला. रात्री साडेअकराला पुन्हा क्वेरी चालवली. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा.