हरकी, गुन्हेगारी आणि दाव्याचा खर्च

अठरावे शतक. तुम्ही नृसिंहवाडीच्या काठावर उभे आहात. समोर कृष्णा-पंचगंगेचा संगम, पाठीशी औदुंबर आणि दत्तपादुका. पाटीलकीच्या वतनावरून तुमचा भाऊबंदांशी वाद पेटला आहे. फिर्याद तुमची, म्हणून तुम्ही अग्रवादी, समोरचा पश्चिमवादी. होईल तो निवाडा मान्य करू, असा राजीनामा दोघांनी लिहून दिलाय, जामीनही दिलेत. गोतसभा बसते. शेजारगावचा म्हातारा वतनदार कृष्णेच्या पाण्यात उभा राहतो, पूर्वजांची शपथ घेतो आणि तुमच्या बाजूने बोलतो.

तुम्ही जिंकता. निवाडपत्राची शाई वाळते न वाळते तोच तुमच्याकडे हरकी मागितली जाते: जिंकल्याच्या आनंदाबद्दल सरकारात भरायची रक्कम. हरलेल्याला गुन्हेगारी, म्हणजे हरल्याचा दंड, भरावी लागते. दोन्ही रकमा सरकारजमा. साक्षीदारांच्या जेवणाखाणाला, वाटखर्चाला तुम्ही मोडलेला पैसा त्यातून भरून निघत नाही.

आता त्याच काठावर आजच्या काळात या. वाद तोच, जमिनीचा; कायदा मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा. हातातल्या हुकूमनाम्याचा शेवटचा तक्ता वाचा. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी; खाली दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणी. खर्च कुणी आणि किती द्यायचा, हे कलम ३५ प्रमाणे न्यायालय ठरवते. सर्वसाधारण नियम असा, की हरणारा जिंकणाऱ्याचा खर्च देतो. तसे करायचे नसेल, तर न्यायाधीशांना कारण लेखी द्यावे लागते. तरीही ‘ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा’ हे वाक्य अनेक निकालांत भेटते. जाणूनबुजून खोटा दावा केल्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई तुमच्यासारख्या दाव्यात ३,००० रुपयांच्या पुढे जात नाही. एवढ्या रकमेला खोटे बोलणारा घाबरत नाही. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

२००५ साली सेलम वकील संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्काम हेही वाजवी खर्चात धरायला हवेत. तेव्हा पहिल्या तारखेपासून पावत्या जपा, वकिलांना खर्चाची यादी वेळेत दाखल करायला सांगा. आणि निकालात खर्च नाकारला असेल, तर त्याचे कारण लिहिले आहे की नाही, ते आधी वाचा.