ग्राहकांचे दुकान आणि उत्पादकाचा वाटा

किराणा मालाचे दुकान ग्राहकांनी स्वतः भांडवल घालून काढावे, त्याचा कारभार आपल्यातूनच निवडलेल्या मंडळींकडे सोपवावा आणि उरलेला नफा आपापसांत वाटून घ्यावा, या व्यवस्थेला ग्राहक सहकारी भांडार म्हणतात. अशा भांडारातला माल शक्यतो जवळच्या परिसरातला असावा, आणि तो दूरदेशीचा असल्यास तो पिकवणाऱ्याला रास्त मोबदला मिळालेला असावा, ही अपेक्षा त्यात अलीकडे जोडली गेली आहे. यातल्या रास्त मोबदल्याच्या अपेक्षेला रास्त व्यापार असे नाव आहे. या दोन कल्पना आज एकाच दुकानात नांदत असल्या तरी त्यांचा उगम एक नाही. पहिली ग्राहकाच्या फसवणुकीतून जन्मली, दुसरी उत्पादकाच्या पिळवणुकीतून, आणि त्या एकमेकींपर्यंत पोहोचायला फार मोठा काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या गिरणी-शहरांतील कामगार कुटुंबाला अन्न विकत घेताना तीन बाजूंनी नाडले जात असे. काही मालक मजुरी रोख न देता आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांच्या रूपाने देत. १८३१ च्या कायद्याने या प्रथेला अनेक धंद्यांत बंदी घातली, तरी ती लगेच नाहीशी झाली नाही. खाजगी दुकानदाराकडे गेल्यास तेथे उधारीचा फास होता, कारण ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याने माप मारले किंवा भाव चढवला, तरी त्याला जाब विचारणे कुटुंबाला परवडत नसे. आणि उधारीने मिळालेला मालही शुद्ध असेल याची शाश्वती नव्हती. पावात तुरटी आणि चहात वापरलेली पाने मिसळण्याचे प्रकार फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणले होते, परंतु ब्रिटिश संसदेने अन्नभेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा केला तो १८६० मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत गरिबाला आपल्या अन्नाची राखण स्वतःच करावी लागली.

ही राखण संघटितपणे करण्याचा टिकाऊ मार्ग लँकशायर परगण्यातील रॉचडेल या गावाने दाखवला. लोकरी फ्लॅनेल विणण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १८३३ मध्येही एक सहकारी दुकान निघाले होते, पण उधारी थकल्यामुळे ते दोन वर्षांतच बंद पडले. तो धडा लक्षात ठेवून विणकर आणि इतर कारागिरांच्या एका गटाने आठवड्याला दोन-तीन पेन्स अशी वर्गणी गोळा करत १८४४ मध्ये २८ पौंडांचे भांडवल उभे केले, टोड लेन या गल्लीतील वखारीचा तळमजला भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबरच्या संध्याकाळी दुकानाची दारे उघडली. आत विक्रीला लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता, आणि तोही इतका तुटपुंजा की गावातल्या दुकानदारांना त्याची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. चहा आणि तंबाखू ठेवण्याइतकी ऐपत संस्थेला पुढच्या काही महिन्यांत आली.

रॉचडेलचे खरे भांडवल त्याच्या नियमांत होते. माल शुद्ध असेल आणि माप पुरे असेल. विक्री रोखीनेच होईल. भागभांडवल कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असेल. भांडवलावर मर्यादित व्याज मिळेल आणि त्यानंतर उरणारा नफा भागांच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात वाटला जाईल. या शेवटच्या नियमाचे महत्त्व हिशेबाने अधिक स्पष्ट होते. वीस शिलिंगांचा एक पौंड असे त्या काळी मानले जाई. तिमाहीच्या अखेरीस खरेदीच्या प्रत्येक पौंडामागे एक शिलिंग परतावा जाहीर झाला, तर त्या तीन महिन्यांत दहा पौंडांचे वाणसामान नेणाऱ्या कुटुंबाच्या खात्यावर दहा शिलिंग जमा होत. ज्या व्यवहारात कुटुंब पूर्वी कर्जात रुतत होते, त्याच व्यवहारातून आता त्याची बचत होऊ लागली. शिवाय दुकानदाराला भाव चढवण्यात स्वारस्य उरले नाही, कारण चढवलेला भाव अखेरीस ग्राहकाकडेच परत जाणार होता. पुढे नफ्याचा एक हिस्सा सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढला जाऊ लागला आणि दुकानाच्या जोडीला वाचनालय उभे राहिले.

या नियमांवर संस्था झपाट्याने वाढली. सुरुवातीच्या २८ सभासदांचे १८६० पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास सभासद झाले. पिठाच्या शुद्धतेचा प्रश्न मुळापासून सोडवण्यासाठी १८५० मध्येच सहकारी पिठाची गिरणी काढण्यात आली होती, आणि १८६३ मध्ये उत्तर इंग्लंडमधील अनेक ग्राहक संस्थांनी एकत्र येऊन मँचेस्टरला घाऊक खरेदीची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. मधला दलाल अशा रीतीने एकेक पायरी मागे हटत गेला.

तथापि या न्यायाची हद्द ठरलेली होती. टोड लेनच्या दुकानातील पीठ कुठे दळले जाते, यावर सभासदांची नजर होती. साखर कुठे पिकते, यावर नव्हती. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला असला, तरी साखरेवरील भेदकारी जकात काढण्याचा निर्णय १८४६ मध्ये झाल्यावर क्यूबा आणि ब्राझीलमधील गुलामांच्या श्रमांची साखर ब्रिटिश बाजारात खुली झाली. त्याहून बोलके उदाहरण चहाचे आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या घाऊक सहकारी संस्थांनी १९०२ मध्ये सिलोनमध्ये चहाचे मळे विकत घेतले आणि पुढे दक्षिण भारतातही घेतले. दलाल टाळण्याच्या तत्त्वाशी हे सुसंगतच होते. परंतु इंग्लंडमधील प्रत्येक सभासदाला एक मत देणाऱ्या या चळवळीच्या मळ्यांवर पाने खुडणाऱ्या मजुराला एकही मत नव्हते. ग्राहकाला मालक करणाऱ्या चळवळीत उत्पादक नोकरच राहिला.

उत्पादकाचा विचार करणारी परंपरा याहून जुनी होती, पण तिला अशी संस्थात्मक बैठक लाभली नाही. विल्यम फॉक्स याने १७९१ मध्ये एक पत्रक काढून वेस्ट इंडीजमधील गुलामांनी पिकवलेल्या साखरेवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले, आणि गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता थॉमस क्लार्कसन याच्या अंदाजानुसार सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर सोडली. अमेरिकेत बेंजामिन लंडी याने १८२६ मध्ये बाल्टिमोर येथे केवळ मुक्त श्रमिकांनी तयार केलेला माल विकणारे दुकान काढले, आणि अशी दुकाने इतरत्रही निघाली. पण हा माल महाग असे, पुरेसा मिळत नसे आणि त्याची विक्री खरेदीदाराच्या सदसद्विवेकावरच अवलंबून असे. खरेदीदाराला दुकानाशी बांधून ठेवणारी रॉचडेलसारखी योजना या परंपरेकडे नव्हती. सद्भावना होती, पण तिला हिशेबाची जोड मिळाली नाही.

रॉचडेलच्या प्रदेशाचा महाराष्ट्राशी आलेला संबंध कापसाचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकशायरला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा ती तूट भारतीय कापसाने काही अंशी भरून काढली, त्याचा पैसा मुंबईत आला, आणि १८५० च्या दशकात सुरू झालेला मुंबईचा गिरणी-धंदा पुढच्या काळात फोफावला. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गिरणगावात राहू लागला आणि लँकशायरच्या विणकरासारखाच तोही वाण्याच्या खात्यावर जगू लागला, कारण पगार उशिरा होई आणि तोपर्यंतचे धान्य उधारीनेच भरावे लागे. भारतात ग्राहक सहकाराचा पहिला ठळक प्रयोग मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात १९०४ मध्ये झाला होता. १९१२ च्या कायद्याने पतसंस्थांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धातील टंचाई आणि रेशनिंग यांमुळे अशा भांडारांची संख्या वाढली. याच ओघात १९४८ मध्ये मुंबईच्या नायगाव या कामगार वस्तीत जे सहकारी दुकान सुरू झाले, ते पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत पोहोचले.

दुसरे वळण १९७० च्या दशकात आले. १९७२ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठची भाववाढ यांविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिने दुकानच वगळले. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो. प्रत्येक कुटुंब आपल्या महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधीच नोंदवते. पंचायत सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करते. ठरलेल्या दिवशी माल संघाच्या ठिकाणी येतो आणि सभासदच याद्या ताडून तो वाटून घेतात. गाळ्याचे भाडे नाही, न खपलेल्या मालाचा बोजा नाही आणि जाहिरातीचा खर्च नाही. आधी मागणी आणि मग खरेदी हा क्रम उत्पादकाच्याही सोयीचा आहे, कारण किती माल लागणार हे पिकवणाऱ्याला आधीच सांगता येते.

उत्पादकाच्या बाजूची परंपराही पुढच्या दशकात हिशेबाच्या भाषेत बोलू लागली. नेदरलँडमध्ये १९८८ मध्ये कॉफीसाठी ‘माक्स हाव्हेलार’ हे रास्त व्यापाराचे चिन्ह निघाले. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी त्या चिन्हाखाली नेहमीच्या दुकानांत विक्रीला आली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोट्याची पद्धत कोसळून कॉफीचे भाव घसरले, तेव्हा या योजनेतील किमान भावाच्या हमीचा अर्थ शेतकऱ्याला कळला. भावाखेरीज ठरावीक जादा रक्कम उत्पादक संस्थेला मिळते, आणि ती शाळेवर, रस्त्यावर की यंत्रावर खर्च करायची, हे तिचे सभासद मतदानाने ठरवतात. सिलोनच्या मळ्यावर जे मत पोहोचले नव्हते, ते येथे निदान काही उत्पादकांपर्यंत पोहोचले.

या दीर्घ इतिहासातून सामुदायिक किराणा दुकानासाठी स्पष्ट निकष हाती लागतो. माल जवळचा आहे एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही, कारण शेजारच्या तालुक्यातील शेतमजूरही नागवला जाऊ शकतो. आणि वेष्टनावर चिन्ह आहे एवढ्यावरूनही ठरत नाही, कारण ग्राहकाला हिशेब पाहण्याचा अधिकार नसेल तर त्या चिन्हावरचा विश्वास पुन्हा दुकानदाराच्या शब्दावरचाच विश्वास ठरतो. जवळीकेचा खरा उपयोग असा की तिच्यामुळे विचारपूस करणे सोपे होते: भाव कसा ठरला, अडत कोणी घेतली, मजुरी किती दिली, हे प्रश्न शेतकऱ्याला समोरासमोर विचारता येतात. रॉचडेलच्या कारागिरांनी वजनकाटा आपल्या हाती घेतला, हे त्यांचे मोठेच कर्तृत्व होते. त्या काट्याच्या दुसऱ्या पारड्यात पिकवणाऱ्याचे श्रम तितक्याच काटेकोरपणे तोलणे आणि त्या तोलावर त्यालाही मताचा अधिकार देणे, हे आजच्या प्रत्येक ग्राहक भांडाराचे काम आहे.